घोडी उजवीकडे पाय बदलत नाही, काय करावं?

सुरूबन

नमस्कार मंडळी. अलिबागजवळ आक्षी-नागावच्या किनाऱ्यावर आमचे चार घोडे आहेत. शनिवार-रविवार पर्यटकांना फेऱ्या, आणि इतर दिवशी संध्याकाळी सुरूच्या बनामागच्या मोकळ्या जागेत गावातल्या दहा-बारा मुलांना घोडेस्वारी शिकवतो. त्यातल्या एका घोडीबद्दल विचारायचं आहे.

नाव चांदणी. थरोब्रेड, रंगाने कुमैत, कपाळावर पांढरा ठिपका म्हणून चांदणी. वय ११. आधी महालक्ष्मीला शर्यतीत धावायची, मग काही वर्षं एका राइडिंग स्कूलमध्ये होती, तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे आली. स्वभावाने इतकी गरीब की लहान पोर पोटाखालून गेलं तरी पाय उचलत नाही.

अडचण कँटरमध्ये, म्हणजे दुडकीच्या पुढच्या वेगवान चालीत आहे. डाव्या लीडवर छान चालते. आठचा आकडा काढताना डावं वर्तुळ संपवून उजवीकडे वळलो की पुढचे पाय बदलते, मागचे तसेच राहतात. मग पुढची घोडी एक आणि मागची दुसरी, असं होतं. वर बसलेल्याला बैलगाडीचं एक चाक निखळल्यासारखं वाटतं. उलट दिशेने, म्हणजे उजवीकडून डावीकडे येताना, न सांगता बदलते.

माझी मुलगी चौदा वर्षांची आहे, तीच चांदणीवर बसते. गेल्या आठवड्यात अशाच वळणावर घोडी अडखळली आणि मुलगी तिच्या मानेवर आली. पडली नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्याकडे कामाला येणारे एक जुने गृहस्थ म्हणतात, मस्ती आहे, दोन चाबूक द्या, बदलेल. मला ते पटत नाही. कुणाला अनुभव असेल तर सांगा.

काजूची बी

मला वाटलं वरातीच्या घोडीचा धागा आहे. माझ्या भावाच्या वरातीत घोडीने बेंजोच्या तालावर चारही पाय बदलले होते, नवरदेवच तेवढा दगडासारखा बसला होता. :)

विषयातलं कळत नाही, पण मुलीला जपा.

मांडवी

अगदी प्राथमिक प्रश्न विचारते, हसू नका. पाय बदलणं म्हणजे नक्की काय? घोडा चारही पाय टाकतोच ना?

रिकीब

मांडवीताई, यात हसण्यासारखं काही नाही, हेच आधी समजायला हवं.

साध्या चालीत घोड्याचे चार ठोके पडतात. दुडकीत दोन, कारण तिरकी जोडी एकदम पडते. कँटरमध्ये तीन. समजा घोडा उजव्या लीडवर आहे. आधी मागचा डावा पाय पडतो. मग मागचा उजवा आणि पुढचा डावा एकदम. शेवटी पुढचा उजवा. त्यानंतर एक क्षण चारही पाय हवेत असतात. उजवे पाय डाव्यांच्या पुढे पडत जातात म्हणून हा उजवा लीड. वळण उजवीकडे असेल तर उजवा लीड हवा, नाहीतर तोल जातो.

धावता धावता एका लीडवरून दुसऱ्यावर जाणं म्हणजे फ्लाइंग चेंज. तो त्या हवेतल्या क्षणातच होऊ शकतो. चांगल्या बदलात आधी मागचे पाय बदलतात आणि त्याच उडीत पुढचे. चांदणीचे पुढचे बदलतात, मागचे नाही. याला क्रॉस कँटर म्हणतात. अशा वेळी एका बाजूचे पुढचे-मागचे पाय एकमेकांत अडकायची भीती असते. मुलगी मानेवर आली ती यामुळेच.

डग्गा

वा रिकीबदादा! म्हणजे तीन ठोके आणि मग 'खाली', तालातली रिकामी जागा. तबल्यात खालीला डग्गा गप्प असतो, पण लय तिथेच सांभाळावी लागते. घोडी पाय बदलते तो खालीत. वर्गातल्या मुलांना आता हे उदाहरण देणार.

रिकीब

डग्गा, हे फार सुंदर. आणि शिकवायच्या कामाचंही आहे. इशारा खालीच्या किंचित आधी द्यावा लागतो, लीडचा पुढचा पाय जमिनीला टेकतो तेव्हा. खालीत दिला तर उशीर झालेला असतो.

तंग_सैल

मी बारा वर्षं घोडे शिकवतोय, म्हणून जरा स्पष्ट लिहितो. चाबकाची गोष्ट ऐकून वाईट वाटलं. उजव्या लीडच्या प्रत्येक टापेत, म्हणजे तीन ठोक्यांच्या एका फेरीत, पहिला भार मागच्या डाव्या पायावर येतो, रिकीबनी वर क्रम दिलाच आहे. चांदणी नेमका तो भार घ्यायचं टाळते आहे. ती उद्धट नाही. तो पाय एक तर अशक्त आहे किंवा दुखतो आहे. दुखऱ्या पायाला चाबूक मारलात तर ती बदलेल कदाचित, पण पाय बदलताना मार बसतो हे आयुष्यभर लक्षात ठेवेल. मग मान वर, पाठ ताठ, आणि बदलायच्या जागी आली की उधळणं. असा घोडा सरळ करायला मला एकदा दीड वर्ष लागलं.

काही विचारतो. हे कधीपासून सुरू झालं? खोगीर एका बाजूला सरकतं का? आणि रोजचं काम कुठे, कसं होतं?

नालबंदाचा_नातू

+१. मी माथेरानचा. आमच्याकडे मोटारी बंद, त्यामुळे लहानपणापासून घोड्यांतच वाढलो. चढ-उताराच्या घोड्याचे नाल एका बाजूने जास्त झिजले तर आजोबा आधी खूर बघायचे, मग खोगीर, मग स्वार. घोड्याला बोल शेवटी. दादा, चांदणीचे मागचे दोन्ही नाल काढून शेजारी ठेवा आणि झीज बघा. नाल खोटं बोलत नाही.

किनारा_मोकळा

मला एक वेगळंच वाटतं. समुद्रावरच्या घोडीला हे फ्लाइंग चेंज शिकवायचंच कशाला? सरळ किनारा, सरळ धाव. पर्यटकांना फोटो हवा असतो. आपण स्पर्धेची हौस घोड्यांवर लादतो.

सुरूबन

किनारा_मोकळा, आपली काळजी कळते. पण मुलं शिकतात ती गोल फिरूनच शिकतात. आणि पर्यटकांसमोरही घोड्याला वळावं लागतं, अचानक लाट येते, कुत्रं आडवं येतं, कुणी चेंडू मारतं. अशा वळणावर घोडी क्रॉस झाली आणि वर आठ वर्षांचं मूल असलं तर? मला स्पर्धेपेक्षा त्याचीच धास्ती आहे.

तंग_सैल, उत्तरं देतो. दिवाळीच्या आसपास पहिल्यांदा लक्षात आलं. पावसाळ्यात चार महिने घोडे बहुतेक तबेल्यातच होते. खोगीर हो, थोडं उजवीकडे सरकतं, मी तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, आवळून घेत होतो. रोजचं काम असं: पहाटे आमचा पोरगा तिला आक्षीकडून नागावकडे किनाऱ्याने कँटरमध्ये नेतो, आणि परत येताना चालवत आणतो. घाम जिरावा म्हणून.

तंग_सैल

दादा, हे शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं.

रोज धाव दक्षिणेकडे. म्हणजे धावताना समुद्र कायम उजव्या हाताला, आणि वाळूचा उतार कायम उजवीकडे. परतताना उतार डावीकडे असतो, पण तेव्हा ती नुसती चालते. तीन वर्षं रोज एकाच बाजूला कललेल्या जमिनीवर एकाच बाजूने ताकद लावली तर शरीर त्याच सवयीत घडत जाणार. खोगीर उजवीकडे सरकतं तेही त्यातलंच असू शकतं. तंग आवळून सरकणं थांबवलंत, पण सरकण्याचं कारण तसंच राहिलं.

दुसरं, ती महालक्ष्मीला धावायची. तिथली शर्यत उजव्या हाताने, घड्याळाच्या काट्यासारखी. वळणावर घोडे उजव्या लीडवर असतात आणि शेवटच्या सरळ पट्ट्यात डाव्यावर येतात, म्हणजे दमलेल्या पायाला विसावा मिळतो. म्हणून उजव्याकडून डावीकडचा बदल तिला पाठ आहे. पण लक्षात घ्या, ज्या घोडीने पूर्ण वेगात उजव्या लीडवर वळणं घेतली, तिला आज तो लीड जड जातोय. हे न येणं नाही, हे नंतर आलेलं आहे. आधी डॉक्टर. मग शिकवणं.

मांडवी

बापरे, किनाऱ्याच्या उताराचा विचार कधी मनातही आला नव्हता. मी रोज वर्सोलीला सकाळी चालते, एकाच दिशेने, येताना रस्त्याने. माझा डावा गुडघा दुखतो. उद्यापासून दोन्ही दिशांनी वाळूतूनच!

घोडमाशी_नको

पावसाळ्याचा उल्लेख आला म्हणून लिहितेय. मी पशुवैद्यक आहे, कोकणातच काम करते. पावसात आणि त्यानंतर घोड्यांच्या मागचा भाग अशक्त दिसला की दोन गोष्टी डोक्यात ठेवा.

एक, खूर. चार महिने ओल्या तबेल्यात उभं राहिलं की तळखुराच्या मधल्या मऊ त्रिकोणी भागाच्या बाजूच्या खाचा कुजतात. काळा चिकट द्रव आणि नकोसा वास येतो. बोटाने दाबलं तर घोडा पाय ओढून घेतो. वरून बघताना काहीच दिसत नाही.

दोन, सर्रा. रक्तातल्या सूक्ष्म परजीवीमुळे होणारा आजार, घोडमाशीसारख्या चावणाऱ्या माश्या पसरवतात. येऊन-जाऊन ताप, रक्त कमी होणं, वजन घटणं, पायांवर किंवा पोटाखाली सूज, आणि मागचे पाय लटपटणं. मालकाला वाटतं घोडा आळशी झाला. रक्त तपासलं की कळतं. वेळेत उपचार झाला नाही तर जीव जाऊ शकतो.

चांदणीला सर्रा आहे असं मी म्हणत नाही, एकाच दिशेचा त्रास बघता तसं वाटतही नाही. पण रक्त तपासून घ्या. आणि डॉक्टरांना मागचा पाय मुडपून तपासायला सांगा: पाय वर धरून मिनिटभर दुमडून ठेवतात आणि सोडल्याबरोबर सरळ रेषेत दुडकीत पळवतात. पहिल्या काही पावलांत लंगडली तर सांधा बोलतो.

तिच्यावर मोठी माणसं बसतात का, तेही सांगा.

सुरूबन

डॉक्टरताई, मनापासून आभार. हो, बसतात. सुट्टीच्या दिवशी नाही म्हणणं जड जातं. चांदणी साधारण सव्वाचारशे किलोची असेल.

घोडमाशी_नको

सर्वसाधारण धरतात ते असं: स्वार अधिक खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत. म्हणजे चांदणीसाठी ८५ किलो, खोगिरासह. मऊ कोरड्या वाळूत त्याहून कमी, कारण तिथे पाय रुततो आणि नसांवर ताण येतो. काटा ठेवा तबेल्याशी. कुणाला वाईट वाटलं तर वाटू दे.

किनारा_मोकळा

याला माझं पूर्ण अनुमोदन. आणि घोडागाड्यांचंही कुणीतरी बघायला हवं. ओहोटीला अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाबा किल्ल्यात जाणाऱ्या गाडीत सात-सात माणसं बसलेली मी बघितली आहेत. पाणी चढायच्या आत परतायचं म्हणून घोड्याला पळवतात.

ओहोटीवाला

किनारा_मोकळा, माझे वडील ती गाडी चालवायचे. सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका. आमचा घोडा जेवल्याशिवाय वडील जेवले नाहीत कधी. सातजण बसवतात हे खरं आहे आणि चूक आहे. पण गाडीवाल्याला दिवसातले तीन-चार तासच मिळतात, ते भरतीवर ठरतात.

किनारा_मोकळा

दादा, मनाला लागलं असेल तर माफ करा. वडिलांबद्दल नव्हतं.

ओहोटीवाला

नाय हो, माफी कसली. बोललात ते बरं झालं.

आखाडा_८

मूळ प्रश्नाकडे येऊ का? माझा अनुभव स्वाराच्या बाजूने.

माझ्या घोड्याचंही हेच होतं: पुढचे बदलले, मागचे राहिले. दोन महिने घोड्यालाच दोष दिला. मग कुणीतरी मोबाइलवर चित्रण केलं. हळू करून बघितलं तर बदलाच्या जागी मीच उजवा लगाम ओढत होते आणि खांदे उजवीकडे टाकत होते. डोकं ओढलं की पुढचे पाय बदलणारच, त्याला पडायचं नसतं. मागच्यांना कुणी काही सांगतच नव्हतं.

डावीकडून उजवीकडे जाताना आधी घोडा दोन-तीन टापा सरळ करायचा. मग माझा उजवा पाय तंगापाशी, डावा पाय थोडा मागे, बैठक किंचित उजव्या हाडावर. हात शांत. लगाम सैल सोडायचा नाही आणि ओढायचाही नाही. मुलीचं चित्रण करा, मागून आणि बाजूने. तिला रागावू नका, ती घोडीला मदतच करायला बघत असेल.

काजूची बी

या धाग्यावर येऊन मी कोकणातल्या वाळूचा उतार, तबल्याची खाली आणि घोड्याचं वजन शिकलो. उद्या ऑफिसात सांगणार कुणाला? तरी सांगणारच.

आखाडा_८

:) सांगा सांगा. अजून एक घ्या मग. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २०२३ साली भारताने ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या चाली करवून दाखवायच्या खेळाचं, सांघिक सुवर्ण मिळवलं. त्या पातळीच्या प्रिक्स सेंट जॉर्जेस कसोटीत तिरक्या रेषेवर आधी दर चौथ्या टापेला पाच बदल आणि मग दर तिसऱ्या टापेला पाच बदल करावे लागतात. घोडा नाचतोय असं वाटतं. पण तो प्रत्येक बदल आधी नुसत्या चालीवरून कँटर आणि कँटरवरून चाल, असा शेकडो वेळा घडवलेला असतो.

सुरूबन

मंडळी, तीन आठवड्यांनी येतोय. उशिराबद्दल माफी, पण सांगण्यासारखं आहे.

नाल काढले. मागच्या डाव्याची झीज बाहेरच्या कडेला स्पष्ट जास्त. त्याच खुराच्या एका खाचेत कुजलेलं निघालं, वास आला तेव्हा मला स्वतःचाच राग आला. डॉक्टरांनी पाय मुडपून पळवली, मागच्या डाव्यावर पहिली चार पावलं लंगडली. मधल्या सांध्यात, हॉकमध्ये, ताठरपणा आहे म्हणाले. रक्त तपासलं, सर्रा नाही. पंधरा दिवस फक्त हाताने चालवायची, खूर रोज साफ आणि कोरडा, आणि तबेल्याच्या जमिनीला उतार काढून घ्यायचा. सांध्याचे औषध सुरू आहे.

मुलीचं जुनं चित्रण सापडलं. आखाडा_८, तुम्ही लिहिलंत तेच. उजवा हात पोटापर्यंत येतोय. तिने स्वतः बघितलं आणि गप्प बसली, मग चांदणीपाशी जाऊन बराच वेळ खरारा करत होती.

जुन्या गृहस्थांना मी नाल दाखवला. हातात घेऊन फिरवून बघितला आणि म्हणाले, मला आधी का नाही दाखवलास.

आता पुढे काय करू?

तंग_सैल

हे वाचून फार बरं वाटलं. डॉक्टर हो म्हणाले की मगच सुरू करा, आणि फ्लाइंग चेंज विसरून जा, निदान दोन महिने.

पहिले दोन-तीन आठवडे दोन्ही दिशांनी चाल आणि दुडकी. गुडघाभर पाण्यातून चालवणं मागच्या पायांना फार चांगलं, तुम्हाला ते दारात आहे. फक्त नंतर गोड्या पाण्याने पाय धुऊन कोरडे करा, खुरासकट. दुडकीसाठी जमिनीवर चार बांबू, साधारण सव्वा ते दीड मीटर अंतराने, तिच्या पावलाला जुळेल तसं. पाय उचलून टाकायला लागली की सांधा मोकळा होतो.

मग उजव्या लीडवर कँटर उचलायला शिकवा, चालीवरून. आठ-दहा टापा, परत चाल, शाबासकी. नुसतं हेच. मागच्या डाव्यात ताकद येते ती उचलण्याने, पळण्याने नाही. ते सहज झालं की साधा बदल: डावा कँटर, तीन-चार पावलं चाल, उजवा कँटर. त्यानंतर काउंटर कँटर, म्हणजे मुद्दाम उजव्या लीडवर राहून डावीकडचं मोठं, सैल वळण. सरळपणा आणि तोल यातून येतो.

शेवटी आठच्या आकड्याच्या मध्यावर एक बांबू जमिनीवर टाका. त्यावरून जाताना उडी थोडी लांबते, डग्गांची 'खाली' थोडी मोठी होते. बऱ्याच घोड्यांचा पहिला स्वच्छ बदल तिथेच होतो. एकदा झाला की खाली उतरा, तंग सैल करा आणि घरी. दुसऱ्यांदा मागू नका.

आणि पहाटेची फेरी: एक दिवस दक्षिणेला कँटर, दुसऱ्या दिवशी उत्तरेला. पोराला समजावून सांगा, का ते.

ओहोटीवाला

वर्तुळासाठी जागेचं मी सांगतो. किनाऱ्याचा वरचा भाग कोरडा आणि उताराचा. पण उधाणाच्या ओहोटीला खाली जी वाळू उघडी पडते ती घट्ट आणि जवळजवळ सपाट असते. तिथे आठ काढा. वेळ काढायची जुनी रीत: तिथीची पाऊणपट, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. तिथून सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे संध्याकाळी साडेपाच. अमावास्येलाही तेच. अष्टमीला भांग असते, पाणी फार उतरत नाही, त्या दिवशी सुरूच्या बनातच राहा.

नालबंदाचा_नातू

ओहोटीवाला, ही पाऊणपट मला कुणी शिकवली नव्हती. वहीत लिहून घेतली.

सुरूबन

मंडळी, मध्ये बरेच दिवस गेले. तंग_सैलनी सांगितलं त्याच क्रमाने गेलो, एकदाही घाई केली नाही. चालीवरून उजवा कँटर आता दहातून नऊ वेळा पहिल्या इशाऱ्याला उचलते. खोगीर सरकणं थांबलं, तंग पूर्वीपेक्षा एक भोक सैल आहे. पर्यटकांसाठी ती आता नाहीच, बाकीच्या तिघांसाठी तबेल्याशी काटा ठेवला आहे.

काल अमावास्या होती. साडेपाचला पाणी खूप आत गेलं होतं. मुलीने बांबू टाकला, आठ काढला. पहिल्या वेळी पुन्हा पुढचेच बदलले. मुलगी काही बोलली नाही, चालीवर आणलं, परत सुरुवात केली. दुसऱ्या वेळी बांबूवरून गेली आणि आवाजच बदलला. मी डोळे मिटून ऐकत होतो, डग्गांमुळे लागलेली सवय. तीन ठोके, खाली, तीन ठोके. डोळे उघडले तर ती उजव्या वर्तुळात होती, चारही पाय जागच्या जागी.

मुलगी तिथेच उतरली आणि तंग सैल केला.

मांडवी

डोळ्यांत पाणी आलं. पुढच्या पौर्णिमेला बघायला आले तर चालेल का?

सुरूबन

या की ताई, साडेपाचच्या आधी या. चांदणीसाठी गाजरं आणा, केळी तिला आवडत नाहीत.